शिक्षेच्या आधीचे काम

२००६ साल संपून २००७ उजाडत होते, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर लिहिण्याची वाट एका अख्ख्या देशाला बंद झाली. देश होता कतार. एका आयपी पत्त्यावरून कुणीतरी लेखांमध्ये वारंवार उत्पात करत होते, म्हणून एका प्रचालकाने, म्हणजे जादा अधिकार असलेल्या स्वयंसेवकाने, त्या पत्त्यावर बंदी घातली. अशा बंद्या तिथे रोजच घातल्या जातात. मात्र त्या काळी कतारमधली जवळजवळ सगळी इंटरनेट वाहतूक त्या एकाच पत्त्यातून बाहेर पडत होती. लेख वाचता येत होते, पण खाते न उघडता लिहिणारे आणि नवे खाते उघडू पाहणारे सगळे अडकले. जगभर बातम्या झाल्या. काही तासांतच बंदी उठवण्यात आली.

बंदी घालणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. तरीही स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या प्रत्येक ऑनलाइन समूहाने ही घटना ध्यानात ठेवावी अशी आहे. कार्यालयात किंवा शाळेत चूक करणारा माणूस समोर उभा असतो. इंटरनेटवर समोर असतो एक आकडा किंवा एक टोपणनाव. उगारलेला बडगा नेमका कुणाच्या पाठीवर पडणार, हे उगारणाऱ्यालाही पुष्कळदा कळत नाही.

इंग्रजी विकिपीडियाच्या धोरणाने या बाबतीत बऱ्याच वर्षांपासून स्पष्ट भूमिका घेतली आहे. बंदी घालायची ती पुढचे नुकसान टाळण्यासाठी, मागच्या चुकीची शिक्षा म्हणून घालायची नाही. ऐकायला हे सोपे वाटते, पण त्याचे परिणाम दूरवर जातात. महिन्यापूर्वीचे भांडण आता मिटले असेल, तर त्याबद्दल आज कुणाला बंद करता येत नाही. प्रचालकाचा स्वतःचाच ज्याच्याशी वाद चालू आहे, त्याच्यावर त्याने कारवाई करायची नाही, ते काम दुसऱ्या प्रचालकाकडे सोपवायचे. चिडलेल्या माणसाचे डोके थंड व्हावे एवढ्याचसाठी घातलेली बंदी धोरणाला मान्य नाही, कारण तशा बंदीने माणूस आणखी भडकतो. बंदी घातलेल्याचे चर्चापान, म्हणजे इतरांशी बोलण्याचे त्याचे पान, सहसा उघडे राहते, म्हणजे त्याला आपली बाजू मांडता येते. मुदत न सांगितलेली बंदीही जन्मठेप मानली जात नाही. सहा महिने दुसऱ्या नावाने घुसू नका, पुन्हा तसे वागणार नाही असे सांगा, मग विचार करू, अशी एक रुळलेली वाट तिथे आहे.

यामागे दयाबुद्धीपेक्षा हिशेब जास्त आहे. नोकरीत पगार असतो, बढती असते, बदलीची भीती असते. महाविद्यालयात गुण असतात. स्वयंसेवक रात्री घरची कामे आटोपून तासभर बसतो, त्याला कशाची भीती घालणार? फार तर त्याचे खाते बंद होईल. तो मनाने वाईट असेल तर पाच मिनिटांत दुसरे खाते काढेल, आणि चांगला असेल तर कायमचा निघून जाईल. म्हणजे शिक्षेचा वार ज्याला लागावा असे वाटते त्याला लागत नाही, आणि ज्याला लागू नये त्याला मात्र खोल लागतो.

यावर बोलताना जॉन साइगेनथॅलर यांचे प्रकरण आठवायलाच हवे. हे अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार, एके काळी रॉबर्ट केनेडी यांचे सहकारी. मे २००५ मध्ये विकिपीडियावर त्यांच्या नावाचा एक लेख तयार झाला आणि त्यात दोन्ही केनेडी बंधूंच्या हत्येशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता, अशी धादांत खोटी माहिती घातली गेली. चार महिने ती तशीच राहिली. नोव्हेंबर २००५ मध्ये साइगेनथॅलर यांनी 'यूएसए टुडे'त लेख लिहून हा प्रकार चव्हाट्यावर आणला आणि विकिपीडियाची अब्रू जगभर गेली. खोडी काढणारा माणूस पुढे सापडला. नॅशव्हिलमध्ये नोकरी करणाऱ्या त्या माणसाने सहकाऱ्याची गंमत करण्यासाठी हे केले होते. त्याने माफी मागितली आणि नोकरीचा राजीनामा दिला. ज्यांची बदनामी झाली त्या साइगेनथॅलर यांनी त्याच्यावर खटला भरला नाही, उलट त्याला पुन्हा कामावर घ्या, असे त्याच्या मालकाला सांगितले.

त्या माणसाला आणखी कितीही शासन केले असते, तरी विकिपीडिया तसूभरही सुरक्षित झाला नसता. सुरक्षित झाला तो पुढच्या काही आठवड्यांतल्या बदलांमुळे. डिसेंबर २००५ पासून खाते नसलेल्यांना इंग्रजी विकिपीडियावर नवा लेख सुरू करता येईनासा झाला. त्याच महिन्यात 'अर्धसुरक्षित' पानांची सोय आली: वादग्रस्त लेखात अगदी नव्या किंवा अनामिक व्यक्तीला थेट बदल करता येत नाहीत, चर्चापानावर मात्र सुचवता येतात. जिवंत व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळे, कडक नियमही त्याच सुमारास लिहायला घेतले गेले. ज्या भगदाडातून खोटे आत शिरले, ते बुजवण्यावर सगळी मेहनत खर्च झाली.

पुढच्या काळात अशी साधने वाढत गेली. उघड उत्पात वगळता एका लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा इतरांचे बदल उलटवायचे नाहीत, हा नियम तर त्याआधी, २००४ मध्येच आला होता. तुमची बाजू बरोबर असली तरी तो लागू होतो, आणि भांडण चर्चापानावर नेण्याचे काम तो आजही चोख करतो. २००९ पासून 'संपादन गाळणी' आली. शिवीगाळ किंवा पान कोरे करणे असले बदल जतन होण्याआधीच ती अडवते. २०२० पासून इंग्रजी विकिपीडियावर एखाद्याला सगळीकडे बंद न करता फक्त ठराविक पानांपुरते थांबवता येते. एका नेत्याच्या लेखावरून ज्याचे डोके फिरते, तोच माणूस पक्ष्यांवर उत्तम लिहीत असू शकतो. मग त्याचे पक्षी कशाला बंद करायचे?

ओपनस्ट्रीटमॅप या नकाशा प्रकल्पाने तर आणखी एक सुरेख उपाय काढला. जगाचा नकाशा स्वयंसेवकांनी मिळून काढायचा, असा हा २००४ पासूनचा उद्योग. 'पोकेमॉन गो' या मोबाइल खेळाने २०१७ च्या अखेरीस या नकाशाची माहिती वापरायला सुरुवात केली. बागा असतील तिथे खेळातले प्राणी जास्त सापडतात, हे लक्षात येताच काही खेळाडूंनी आपापल्या घराभोवती नसलेल्या बागा काढायला घेतल्या. अशा वेळी तिथे शून्य तासांची बंदी वापरता येते. सदस्याने पुढच्या वेळी प्रवेश केला की आधी एक निरोप समोर येतो. तो वाचला की बंदी संपते आणि काम पुढे चालू. निरोप पाठवूनही जो उत्तर देत नाही, त्याला थांबवून दोन ओळी वाचायला लावायच्या, एवढाच तिचा हेतू. नकाशा बिघडवायला आलेला खेळाडू आपल्या गल्लीचा खरा नकाशा काढू लागण्याची शक्यता यात जिवंत राहते.

विकिपीडियावर उत्पात करणाऱ्याला दिल्या जाणाऱ्या सूचनांच्याही चार पायऱ्या आहेत, आणि त्यातली पहिली पायरी सर्वांत मोलाची. तीत आरोप नसतो. तुमचा बदल उपयुक्त वाटला नाही म्हणून तो काढला आहे, सराव करायचा असेल तर धूळपाटी आहे, काही विचारायचे असेल तर माझ्या चर्चापानावर लिहा, असा तिचा सूर. चौथ्या पायरीवर शेवटचा इशारा येतो. नवखा माणूस आणि उपद्रवी माणूस यांची पहिली कृती पुष्कळदा सारखीच दिसते. लेखात आपले नाव घालून पाहणे, कुठले बटण दाबल्यावर काय होते ते बघणे, हे दोघेही करतात. दुसरी कृती वेगळी असते. ती कळेपर्यंत थांबण्याची सोय या पायऱ्यांत आहे.

आधी सांगितल्याने खरेच फरक पडतो का, याची रीतसर चाचणीही झाली आहे. रेडिट या संकेतस्थळावर विज्ञानावरच्या चर्चेचा एक प्रचंड मोठा समूह आहे आणि तो स्वयंसेवक नियामक सांभाळतात. जे. नेथन मटायस या संशोधकाने त्यांच्यासोबत २,१९० चर्चांमध्ये एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या काही चर्चांच्या माथ्यावर समूहाचे नियम ठळकपणे लावले आणि बाकीच्या तशाच ठेवल्या. नियम लावलेल्या ठिकाणी नवख्यांनी नियम पाळण्याचे प्रमाण आठ टक्के अंकांहून अधिक वाढले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अशा चर्चांत भाग घेणाऱ्या नवख्यांची संख्या सरासरी ७० टक्क्यांनी वाढली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने एक जुना समज खोटा ठरवला. नियम दाखवले की लोक बिचकतात, असे मानले जात होते. प्रत्यक्षात नियम समोर दिसले की बोलायला धीर येतो, कारण इथे आपल्यावर कुणी धावून येणार नाही हेही त्यातून कळते. त्याच वर्षी रेडिटवरच्याच तीन कोटी वीस लाख नोंदींच्या अभ्यासात शगुन झावर आणि सहकाऱ्यांना आढळले, की नोंद काढताना कारण सांगितले तर त्या माणसाची पुढची नोंद काढावी लागण्याची शक्यता कमी होते.

कारण सांगायला एक मिनिट लागते. तेवढे मिनिट देण्याची सवय मराठी ऑनलाइन जगात अजून फार कमी आहे.

रक्तदात्यांचे गट, दुर्गसंवर्धनाचे गट, गिर्यारोहकांचे बचावगट, गावच्या वाचनालयाचे गट, सगळे आज व्हॉट्सअ‍ॅपवर चालतात आणि तिथली शिस्त बहुधा एकाच कृतीत उरकली जाते: अमुक यांना ग्रुपमधून काढण्यात आले. सगळा दोष अ‍ॅडमिनचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात निकाल देताना, सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल समान हेतू असल्याशिवाय अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असे सांगितले. अ‍ॅडमिनच्या हाती सदस्य घेणे आणि काढणे यापलीकडे फारसे काही नसते, हे न्यायालयाने त्यात नोंदवले. इतरांचे मेसेज सर्वांसाठी पुसण्याची सोय तर अ‍ॅडमिनला २०२२ मध्ये मिळाली. ज्याच्या हातात फक्त कुऱ्हाड दिली, तो फांद्या छाटत बसणार नाही. पण ग्रुपच्या माहितीत चार स्पष्ट नियम लिहिणे, नव्या सदस्याला ते पाठवणे, आणि काढण्याआधी त्या माणसाला वैयक्तिक निरोप देणे, यांना कुठल्याच तांत्रिक सोयीची गरज नाही. रक्तदात्यांच्या गटात कुणी शुभेच्छांची चित्रे टाकत असेल, तर तो त्रास आहेच. तरी त्याचा रक्तगट दुर्मीळ असेल तर उद्या मध्यरात्री त्याचीच गरज लागणार आहे.

प्रतिबंधाचीही एक काळी बाजू आहे आणि ती लपवून चालणार नाही. इंग्रजी विकिपीडियावर नियमित लिहिणाऱ्यांची संख्या २००७ मध्ये शिखरावर पोहोचली आणि नंतर काही वर्षांत ती एकतृतीयांशाहून अधिक घटली. अ‍ॅरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये याची कारणे शोधली. उत्पात रोखण्यासाठी तयार झालेली अर्धस्वयंचलित साधने आणि सांगकामे, म्हणजे आपोआप संपादन करणारे बॉट, इतके तत्पर झाले होते, की चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांचे पहिलेच बदल झपाट्याने उलटवले जाऊ लागले. माणसाशी संवाद होण्याआधीच यंत्राचा तयार निरोप येऊन पडे. नवखे टिकेनात. कुणालाही शिक्षा झाली नव्हती, तरी परिणाम शिक्षेसारखाच झाला. म्हणून प्रतिबंध म्हटले की तो आपोआप सौम्य ठरत नाही. त्यामागे उत्तर देणारा माणूस असावा लागतो. २०१२ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर 'टीहाउस' सुरू झाले ते या जाणिवेतूनच. नवख्यांनी प्रश्न विचारावेत आणि जुन्यांनी न खेकसता उत्तरे द्यावीत, यासाठीची ती जागा आहे.

याहून मोठा धोका असतो तो शिस्तीची किल्ली चार जणांच्या खिशात राहण्याचा. क्रोएशियन विकिपीडियावर गेल्या दशकात तेच घडले. प्रचालकांच्या एका टोळक्याने दुसऱ्या महायुद्धातल्या तिथल्या फॅसिस्ट राजवटीच्या इतिहासाला आपल्या मनाप्रमाणे रंग दिला, आणि आक्षेप घेणाऱ्यांवर बंद्या घातल्या. २०१३ मध्ये देशाच्या शिक्षणमंत्र्यांवर, विद्यार्थ्यांनी क्रोएशियन विकिपीडिया वापरू नये असे सांगण्याची वेळ आली. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेचा या प्रकरणावरचा अहवाल २०२१ मध्ये निघाला. नियम तिथेही होते, फक्त बंदीचे कारण विचारणारा दुसरा कुणी उरला नव्हता. जिथे प्रचालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, अशा कुठल्याही लहान समूहात हे होऊ शकते. मराठीनेही याकडे डोळेझाक करू नये.

आता सर्वांत अवघड आक्षेप. पुढचे नुकसान टाळायचे आणि मागचे उगाळायचे नाही, हे तत्त्व त्रास देणाऱ्याच्या सोयीचे आहे, असे त्रास सोसलेली माणसे म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे आहे. ज्याने महिनोन्महिने एखाद्या संपादिकेच्या मागे लागून तिला हैराण केले, तो आठवडाभर गप्प बसला तर त्याला मोकळे सोडायचे का? जून २०१९ मध्ये हाच पेच उभा राहिला. विकिमीडिया फाउंडेशनने तक्रारींवरून इंग्रजी विकिपीडियाच्या एका जुन्या प्रचालकावर थेट वर्षभराची बंदी घातली. पुरावे समूहाला दाखवले नाहीत. निषेध म्हणून वीसहून अधिक प्रचालकांनी अधिकार सोडले, आणि सप्टेंबरमध्ये समूहाच्या लवाद समितीने ती बंदी उठवली. तक्रार करणाऱ्यांची ओळख जपायला हवी हेही बरोबर, आणि आरोप न सांगता शिक्षा नको हेही बरोबर. त्या काही महिन्यांत दोन्ही बाजूंची माणसे दुखावून निघून गेली. पुढे २०२० च्या अखेरीस फाउंडेशनच्या विश्वस्तांनी सगळ्या प्रकल्पांसाठी एक सामायिक आचारसंहिता मंजूर केली.

या पेचातून सुटायचे तर नुकसानीचा हिशेब नीट मांडावा लागेल. छळ थांबला तरी छळणारा त्याच चावडीवर रोज दिसत असेल, तर सोसणारी व्यक्ती लिहायला धजत नाही आणि तिचे पाहून आणखी चार जणी मागे हटतात. ते नुकसान रोज चालूच असते. अशा माणसाला दीर्घकाळ बाहेर ठेवणे हे प्रतिबंधाच्याच व्याख्येत बसते. विकिपीडियावर लिहिणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण एकामागून एक सर्वेक्षणांत इतके कमी निघत असताना हा हिशेब टाळणे म्हणजे अर्धे जग दाराबाहेर ठेवणे होय.

महाराष्ट्रात ही चर्चा परकी राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट गाजत असताना इंग्रजी विकिपीडियावरच्या छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून राज्यात संताप उसळला. राज्याच्या सायबर विभागाने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. संताप समजण्यासारखा आहे. तरी गुन्हा नोंदवल्याने लेखात एकही चांगला संदर्भ वाढत नाही, भीती मात्र वाढते, आणि ती आधी मनात शिरते ती आपल्याच राज्यातल्या, खऱ्या नावाने लिहिणाऱ्या स्वयंसेवकाच्या. वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले या इतिहाससंशोधकांनी संभाजी महाराजांची बदनामीची प्रतिमा साधनांच्या आधारे खोडून काढण्यासाठी वर्षे वेचली. ते संशोधन इंग्रजी लेखाच्या चर्चापानावर पृष्ठक्रमांकांसह मांडणारी, तिथल्या नियमांत राहून शांतपणे वाद घालणारी माणसे तयार करणे, हे काम वाद पेटण्याआधी करायचे असते.

आणि अशी माणसे तयार होण्याची जागा आहे. मराठी भाषा गौरव दिन किंवा भाषा पंधरवडा आला की महाविद्यालयांमध्ये मराठी विकिपीडियाच्या कार्यशाळा होतात. संगणक कक्षात तीसचाळीस मुले एकदम बसतात. सातव्या मुलाला खाते उघडता येत नाही, कारण एका आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात आणि सगळा कक्ष एकाच पत्त्यावर असतो. मर्यादा योग्यच आहे, खोट्या खात्यांची फौज ती रोखते. पण आयोजकाने आठवडाभर आधी सवलत मागितली किंवा मुलांना घरूनच खाते काढून यायला सांगितले, तर सकाळचा तास वाया जात नाही. त्यानंतर लेख सुरू होतात, आणि पहिल्याच अर्ध्या तासात कुणीतरी वर्तमानपत्रातला किंवा पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा चिकटवते. प्रताधिकाराचा भंग म्हणून तो काढावाच लागतो. संध्याकाळी मुलगी घरी जाऊन पाहते तर आपला लेख गायब. कारण न कळलेली ती मुलगी परत फिरकत नाही.

लेख काढणाऱ्या प्रचालकाचे काहीच चुकलेले नसते. त्याच्यासमोर एकाच दुपारी तसले पंधरा लेख आलेले असतात आणि तो एकटा असतो. कार्यशाळेची पहिली वीस मिनिटे प्रताधिकार आणि संदर्भ यांवर घालवली, मुलांना थेट लेखात न लिहिता आधी स्वतःच्या धूळपाटीवर लिहायला लावले, आणि कार्यक्रमाची सूचना मराठी विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे सामायिक चर्चेच्या पानावर, आधी देऊन दोन जुन्या सदस्यांना त्या दुपारी ऑनलाइन राहण्याची विनंती केली, तर त्या पंधरांतले बरेच लेख वाचू शकतील. कार्यशाळेच्या निमंत्रणपत्रिकेत पाहुण्यांची नावे छापतात, तशीच त्या दोन सदस्यांचीही छापावीत आणि त्यांची चर्चापाने मुलांना फळ्यावर लिहून द्यावीत. येत्या २७ फेब्रुवारीला ज्या महाविद्यालयांत कार्यशाळा ठरतील, त्यांना एवढे करायला पैशाची गरज नाही आणि कुणाच्या परवानगीचीही नाही.